प्रेक्षकांची तालीम

नाटक नटांमुळे पडत नाही, प्रेक्षकांमुळे पडतं, असं मनापासून मानणारा आणि त्यावर उपाय म्हणून प्रेक्षकांच्याच तालमी घेणारा माणूस उभ्या मुंबईत एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्यामुळे मला तो दादा म्हणायचा आणि दादा म्हणेल ते खरं मानायचा. चारकोपला आमचं एक हौशी संगीत नाटक मंडळ आहे. दिवाळीनंतर त्याचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आत आटोपतो. तेवढ्या दिवसांत शाळेच्या सभागृहात तीन नाटकं होतात. गाणारे सगळे आपल्यातलेच: कुणी पोस्टात, कुणी औद्योगिक वसाहतीत कामाला, कुणी पोळीभाजीचे डबे करणारी. त्यात बावीस वर्षं मी गाणारा नट होतो, राजे आणि नायक करायचो, आणि पुढे गळा उतरल्यावर कार्यवाह झालो. साडू मंडळात कुणीही नव्हता. त्याचं नाव कुठल्याच पत्रिकेत कधी छापून आलं नाही. तरीही मंडळ त्याचंच आहे असं चारकोपमध्ये सगळे समजायचे, आणि ते बरोबरच होतं.

ही प्रेक्षकांची तालीम हंगामातल्या पहिल्या प्रयोगाच्या आधीच्या रविवारी सकाळी दहाला त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरायची. आदल्या दिवशी तो घरोघर जाऊन गाड्या बाहेर लावायला सांगायचा आणि लोक लावायचे, कारण न लावणाऱ्याच्या गाडीतून कसला आवाज येतोय आणि ती किती दिवसांत बंद पडेल हे तो जिन्यात उभा राहून मोठ्याने सांगत असे. पंख्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. फिरता पंखा डोळे मिटून ऐकायचा आणि बेअरिंग कुठे घासतंय ते सांगायचा. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगमधल्या बायका मिक्सर घेऊन त्याच्याकडे यायच्या. तो रिकामा मिक्सर चालू करून ऐकायचा आणि म्हणायचा, "वहिनी, याला काही झालेलं नाही. तुम्ही त्याच्यावर रागावून वाटण वाटता." वहिनी ओशाळायच्या, कारण ते खरं निघायचं.

तर पार्किंगमध्ये पन्नास-साठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायची. एकदा पहिल्या रांगेतल्या एका तरुणाने विचारलं, "काका, यार, नाटक बघायला पण क्लास लावायचा काय?" साडू शांतपणे म्हणाला, "लग्नाला जाताना दाढी करतोस ना रे? तसं नाटकाला येताना कान साफ करून यायचं. बस खाली." मग तो एकेक विषय घ्यायचा. पहिला विषय खोकला. "खोकला माणसाच्या ताब्यात असतो. साहेबासमोर कधी खोकलात? मग नटानेच तुमचं काय घोडं मारलंय?" दुसरा विषय दाद. पद सुरू होताच वा-वा करणाऱ्यांचा त्याला फार राग. "भात शिजायच्या आधी छान झालाय म्हणता का घरी? थांबा. सम येऊ द्या. मग म्हणा, आणि एकदाच म्हणा." आमचा पेटीवाला एखाद्या पदाची चाल वाजवायचा आणि साडू हाताने हवेत दाखवायचा: इथे सूर चढतोय, इथे वळतोय, आता घरी येतोय, आता. त्या "आता"वर साठ माणसं एकदम "वा" म्हणायची. भाजी घेऊन रस्त्याने जाणारे दचकून थांबायचे आणि त्यांतले चार-दोन आत येऊन बसायचे. मंडळाचा अर्धा प्रेक्षक असाच जमला. दहिसरच्या चाळीतल्या आजीबाई, वॉचमन, कारखान्यातले पोरगे, बौद्धवाड्यातल्या भजनी बायका, ज्यांना संगीत नाटक म्हणजे काहीतरी शहाण्यांचं काम वाटायचं त्या सगळ्यांना त्याने हात धरून सभागृहात आणलं. शहाण्यांना शिकवणं कठीण, असं त्याचं मत होतं.

'वन्स मोअर'चे नियम सर्वांत कडक. एका प्रयोगाला एकच वन्स मोअर, आणि तो कुणी द्यायचा हे सेक्टरांच्या पाळीने ठरलेलं. एका वर्षी पाळी आली आमच्या सेक्टरातल्या एका निवृत्त बस कंडक्टरांची. त्यांचा आवाज गर्दीतून तिकीट विचारण्यात तयार झालेला. पण ऐन वेळी ते गोंधळले आणि भैरवीऐवजी सेनापती मरतो तिथे त्यांनी आरोळी ठोकली. आमचा सेनापती शिस्तीचा माणूस. त्याला वाटलं साडवाने नवा नियम काढला असेल. तो उठला, तेवढंच भाषण पुन्हा म्हणाला आणि पुन्हा मेला. प्रयोगानंतर साडू कंडक्टरांना म्हणाला, "अहो, एक मरण माणसाला पुरत नाही का?" कंडक्टर म्हणाले, "पण दुसऱ्यांदा जास्त चांगला मेला की नाही?" साडवाने विचार केला आणि कबूल केलं की हो, दुसऱ्यांदा शेवटचा श्वास सुरात होता.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या केंद्राजवळच्या फळ्यावर तो गुण लिहायचा. नटांचे नाही, प्रेक्षकांचे. "कालचा प्रेक्षक: पासष्ट. पाचव्या रांगेत वेफर्स. दुसऱ्या अंकात दोन मोबाइल. भैरवीला शांतता उत्तम." त्यावरून भांडणं व्हायची. एकदा गोराईहून मासे आणणारी कोळीण नाटकाला आली होती. ऑर्गनचा पहिला सूर लागताच, पडदाही वर गेला नव्हता तेव्हा, तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. साडवाने मध्यंतरात विचारलं तर म्हणाली, "पेटी वाजली नि आपसूक आलं. मी काय करू?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच ओळ होती: सोळाव्या रांगेतल्या मावशींना शंभरपैकी शंभर. ती टोपली डोक्यावर घेऊन त्या फळ्यासमोर उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून तेवढी ओळ वाचून घेत राहिली. त्या दिवशी तिचे मासे उशिरा विकले गेले.

हे सगळं सांगताना हसू येतं, आणि मला हसण्याचा अधिकार नाही हेही कळतं. कारण या माणसाची आणखी एक सवय होती. तो कधीही गात नसे. गात नसे म्हणजे अजिबात नसे. गणपतीत आरतीला सगळं घर गळा काढून ओरडतं, तेव्हा हा ओठ मिटून नुसत्या टाळ्या वाजवायचा. भजनाला झांज वाजवायचा. मुलगी लहान असताना तिने अंगाई मागितली तर त्याने अंगाईचे शब्द रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसे एकामागून एक वाचून दाखवले आणि तिला त्यानेच झोप लागली. माझ्या बायकोने एकदा बहिणीला विचारलं, "गो, हे कधीच कसे गुणगुणत नाहीत?" मेव्हणी म्हणाली, "माका काय विचारतंस? लग्नाआधी गायत म्हणे. माझ्या कानार एक ओळ पडूक नाय." मग ती त्याच्याकडे बघून हसली, आणि त्याने ते वाक्य म्हटलं, जे तो प्रत्येक तालमीच्या सुरुवातीला उभं राहून म्हणायचा, अभिमानाने, एखाद्या पदवीसारखं:

"गुरुजींनी मला सांगितलंय, कान चांगला आहे, गळा नाही."

मी तिथेच बसलेला असायचो. पार्किंगमध्ये पहिल्या रांगेत, कार्यवाह म्हणून. दर वर्षी.

आता जे इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं ते लिहितो. चाळीस वर्षांपूर्वी चारकोपच्या अर्ध्या सेक्टरांत अजून गवत होतं आणि आमच्या मंडळाचा पहिलाच हंगाम होता. गुरुजी म्हणजे दहिसरला राहणारे निवृत्त संगीतशिक्षक. पायाने भाता हलवायचा ऑर्गन ते स्वतः वाजवायचे, आणि नाटकही त्यांनीच लिहिलेलं, राजाला सात पदं असलेलं. राजा मीच करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मी सर्वांत जास्त. दोन महिने मी पदं घोटत होतो. नव्यानेच लग्न झालेला साडू एका रविवारी सकाळी माझ्याबरोबर सहज तालमीला आला; बाकीचे अजून यायचे होते. गुरुजी म्हणाले, तू पण म्हण काहीतरी. तो म्हणाला. तेच पद, जे मी त्याच्या आधी म्हटलं होतं. माझ्याकडून घरी ऐकून ऐकून त्याचं पाठ झालेलं. मग बाकीचे आले आणि गुरुजींनी तालीम सुरू केली. तालीम संपल्यावर मी त्यांची पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेलो. तिथे ते म्हणाले, "राजा तुझा साडू करील. तू प्रधान कर, प्रधानाला दोन पदं आहेत, ती तुला छान बसतील. त्याला सांग, उद्या अर्धा तास आधी ये."

रिक्षापासून शाळेच्या फाटकापर्यंत रस्ता ओलांडावा लागतो. तेवढ्या रस्त्यात मी ते वाक्य तयार केलं. साडू फाटकाशी माझी वाट बघत उभा होता. म्हणाला, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "कान चांगला आहे म्हणाले, गळा नाही." पहिला अर्धा भाग मी गोडी म्हणून घातला, कडू औषधाबरोबर गूळ द्यावा तसा. तो म्हणाला, "कान चांगला आहे म्हणाले? गुरुजी?" आणि त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितलं की त्याच्या कारखान्यात पाळ्या बदलतात, त्याला जमणार नाही. गुरुजी म्हणाले, "नशीब एकेकाचं."

दोघांची गाठ पडून हे उघड होईल म्हणून पहिले काही महिने मी फार भ्यालो. गाठ पडलीही. पहिल्या प्रयोगाला साडू आला आणि शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर डोळे मिटून बसला. नंतर गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "येत नाहीस ना?" तो हात जोडून म्हणाला, "नाही गुरुजी. मी ऐकायलाच बरा." गुरुजींना वाटलं, पोरगा विनयशील आहे, परिस्थितीपुढे हरलाय. साडवाला वाटलं, गुरुजी किती मोठे, माझी समजूत घालतायत. दोघंही एकमेकांचा मान राखून बाजूला झाले. माझं खोटं त्यांच्या चांगुलपणावर टिकलं. पाच-सहा वर्षांनी गुरुजी गेले. मी बावीस वर्षं राजा होतो.

मी वाईट गायचो असं नाही. हार मिळाले, वन्स मोअर मिळाले. पण शेवटच्या रांगेतला तो मिटलेल्या डोळ्यांचा माणूस मला स्टेजवरून दिसायचा, आणि सातपैकी एकाही पदाला मी त्या बाजूला तोंड करून उभा राहिलो नाही. दिग्दर्शकाला वाटायचं ही माझी लकब आहे.

दोन वर्षांपूर्वी साडू आजारी पडला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला होता आणि त्यालाही. एका दुपारी मेव्हणी बाजारात गेलेली, मुलगी ऑफिसात. मी त्याच्या कॉटशेजारी बसलो आणि सांगून टाकलं. रिक्षा, फाटक, पाळ्या, सगळं. त्याच्याकडे न बघता, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे गळा होता?"

"होता."

"गुरुजी म्हणाले तसं? राजा तुझा साडू करील म्हणून?"

"याच शब्दांत."

तो छताकडे बघत राहिला. शिव्या देईल असं मला वाटलं होतं. द्याव्यात असंही वाटत होतं. त्याने फक्त मान माझ्याकडे वळवली आणि मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात विचारलं, "दादा, आणि कानाचं?"

मला कळेना तो काय विचारतोय. मग कळलं. पंख्याचा कारखाना, पार्किंगमधल्या तालमी, फळ्यावरचे गुण, ती कोळीण, सगळं त्याने त्या अर्ध्या वाक्यावर उभं केलं होतं. गळा गेला त्याचं त्याला एवढं काही वाटलं नसावं, तो कधीचाच गेला होता. कान मात्र त्या दुपारपर्यंत त्याच्याजवळ होता.

मी म्हणालो, "ते गुरुजींचंच."

"नक्की ना?"

"तुझी शपथ."

त्याने डोळे मिटले. "मग ठीक आहे," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता, "तुम्ही वाईट राजा नव्हतात दादा. तिसऱ्या अंकात घाई करायचात एवढंच." इतक्यात मेव्हणी पिशव्या घेऊन आली आणि आम्ही पापलेटच्या भावाविषयी बोलू लागलो. तीन आठवड्यांनी तो गेला.

हे कागदावर आणायचं मनात नव्हतं. पण माझी भाची, म्हणजे त्याची मुलगी, आता मंडळाचं काम बघते. यंदाच्या हंगामाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर बाबांचा फोटो टाकायचं सगळ्यांनी ठरवलं. जन्मभरात पहिल्यांदाच त्याचं नाव पत्रिकेत येणार. फोटोखाली ते वाक्य, आणि त्याखाली गुरुजींचं नाव. ती मजकूर दाखवायला माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, तुम्हीच तेवढे त्या वेळचे राहिलात. वाक्य बरोबर आहे ना बघा."

मी चष्मा लावला, काढला. मग तिला सगळं सांगितलं, तिच्या वडिलांना सांगितलं तेही आणि शेवटी जे खोटंच ठेवलं तेही. गुरुजी कानाविषयी एक शब्द बोलले नव्हते. तो शब्द माझा. तो खरा निघाला ही त्याची कर्तबगारी, माझी नाही. ज्या मेलेल्या माणसाने तो उच्चारला नाही त्याच्या नावावर तो आणखी एकदा छापला जाऊ नये, एवढंच मला वाटतं. माझ्या नावावर छापला तरी चालेल, आणि दुसरा अर्धा भाग खोटा होता हेही त्यासोबत छापावं.

ती रडली नाही. रागावली का, तेही मला कळलं नाही. बापासारखीच आहे, आधी पूर्ण ऐकून घेते. कागदाची घडी घालून ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"काका, कसे गायचे हो बाबा?"

याचं उत्तर द्यायचा मी तेव्हापासून प्रयत्न करतोय. तिच्या आईने ऐकलं नाही, तिने ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलेली माणसं दोनच होती, त्यांतले गुरुजी गेले. आणि मी त्या सकाळी ऐकत नव्हतो, माझ्याशी ताडून बघत होतो. कुठे तो चुकतो हे शोधत होतो. त्यामुळे आवाज जाड होता की बारीक, तान कशी होती, मला काही म्हणजे काही आठवत नाही. एकच गोष्ट आठवते, तीही ऐकलेली नाही, बघितलेली. ती मी तिला सांगितली. पदाच्या दुसऱ्या ओळीला गुरुजींचे पाय थांबले. भाता हलवायचंच ते विसरले. ऑर्गनमधली हवा हळूहळू संपत गेली, सूर विरत विरत बंद झाला, आणि तुझा बाबा डोळे मिटून एकटाच गात राहिला. त्याला ते कळलंच नाही. पुढे बराच वेळ तो तसाच गात होता.